ब्रँडच्या संकेतस्थळांची नवी वळणे आणि मराठीत वाचणारा ग्राहक

आम्रमोहोर
नमस्कार. देवगड आणि रत्नागिरी भागातील काही आंबा बागायतदारांनी मिळून चालवलेल्या ब्रँडचे विपणन मी पाहते. येत्या हंगामाआधी आमचे संकेतस्थळ नव्याने बांधायचे आहे. त्यासाठी वेगवेगळ्या डिझायनरांकडून आराखडे मागवले, तर त्या सर्वांत एकच साचा दिसला. उघडताच पूर्ण पडदा व्यापणारा व्हिडिओ, त्यावर मोठ्या अक्षरांतील एक इंग्रजी वाक्य, पान खाली सरकवताना एकेक करून तरंगत येणारी चित्रे, गोल कोपऱ्यांच्या लहानमोठ्या चौकटींत विभागलेली माहिती (याला सध्या 'बेंटो' म्हणतात) आणि वर धुरकट काचेसारखी मेनूची पट्टी. मराठी पान मात्र कोणीही दाखवले नाही. ते नंतर भाषांतर करून बसवता येईल, असे सांगण्यात आले.

आमचे निम्मे ग्राहक सातारा, सोलापूर, नाशिक, नागपूर अशा ठिकाणचे आहेत. ते मोबाइलवर पाहतात, मराठीत वाचतात आणि त्यांचे प्रश्न ठरलेले असतात: पेटीत किती डझन, फळ किती वजनाचे, अढीतला तयार आंबा मिळेल की कच्चा, आणि घरी कधी पोहोचेल. अशा ब्रँडने या नव्या वळणांपैकी काय घ्यावे आणि काय सोडावे, याविषयी तुमचा अनुभव आणि मत हवे आहे.

रेखाटन
विषय महत्त्वाचा आहे. ही वळणे हवेतून येत नाहीत. प्रत्येकामागे त्या काळातील एखादी तांत्रिक गरज किंवा एखाद्या मोठ्या कंपनीचा निर्णय असतो, आणि तो समजला की आपल्याला त्याची गरज आहे का हे ठरवणे सोपे जाते. ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये 'रिस्पॉन्सिव्ह' रचनेची कल्पना मांडली, कारण एकच पान संगणकावर आणि फोनवर दोन्हीकडे चालवायचे होते. ती गरज खरी होती म्हणून ती कल्पना टिकली आणि आज तिला कोणी फॅशन म्हणत नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज फोनवर, ॲपलने २०१३ मध्ये आयओएस ७ मध्ये आणि गुगलने २०१४ मध्ये मटेरियल डिझाइनमध्ये चामडे, लाकूड, चकाकती बटणे यांची नक्कल सोडून सपाट रचना स्वीकारली. वेगवेगळ्या आकारांच्या पडद्यांवर सपाट रंग आणि अक्षरे सहज जुळवून घेतात, हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

काचेच्या रचनेमागे मला अशी गरज दिसत नाही. ॲपलने जून २०२५ मध्ये 'लिक्विड ग्लास' जाहीर केल्यावर ती सगळीकडे पसरली, पण काचेमागे काय येईल यावर अक्षरांची वाचनीयता अवलंबून राहते. त्याबद्दल इतकी टीका झाली की पुढच्या आवृत्तीत खुद्द ॲपलला ही काच कमी पारदर्शक करण्याची सोय द्यावी लागली. ज्या कंपनीचे स्वतःच्या यंत्रावर पूर्ण नियंत्रण आहे, तिलाही हे सांभाळणे जड गेले, तर आंब्याच्या पिवळ्या-केशरी छायाचित्रांवर पांढऱ्या अक्षरांचा मेनू कसा वाचता येईल, याचा विचार व्हायला हवा.

घाटवाट
व्हिडिओ सर्वांत आधी काढून टाका.

घाटवाट
वरचा प्रतिसाद फारच त्रोटक झाला, म्हणून कारण देतो. गुगलने २०२० मध्ये पानाचा अनुभव मोजण्यासाठी 'कोअर वेब व्हायटल्स' हे निकष जाहीर केले आणि २०२१ पासून शोधातील क्रमवारीत त्यांचा विचार होऊ लागला. पानावरील सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर पानाने २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद द्यावा (हा निकष मार्च २०२४ मध्ये जुन्या निकषाच्या जागी आला) आणि वाचताना मजकूर इकडेतिकडे उडू नये, असे ते तीन निकष आहेत. हे मोजमाप डिझायनरच्या कार्यालयातील संगणकावर होत नाही. खऱ्या वापरकर्त्यांच्या भेटींतून होते, आणि ७५ टक्के भेटींत निकष पूर्ण झाला तरच पान चांगले धरले जाते. म्हणजे तुमचा सोलापूरचा ग्राहक, त्याचा दोन-तीन वर्षांपूर्वी घेतलेला साधा अँड्रॉइड फोन आणि त्याच्या घरात येणारे नेटवर्क, या सगळ्यांचा तुमच्या गुणांत वाटा असतो.

पडदाभर व्हिडिओ हा बहुतेक वेळा त्या पानावरील सर्वांत जड घटक असतो. तो उतरेपर्यंत ग्राहकाला ना भाव दिसतो, ना फोन क्रमांक. व्हिडिओ हवाच असेल तर तो बागेच्या माहितीच्या पानावर ठेवा, आणि ग्राहकाने स्वतः बोट लावल्यावरच तो सुरू होऊ द्या.

बाजारपेठ
माझे मत वेगळे आहे आणि ते मी गांभीर्याने मांडतो. मी अनेक वर्षे खाद्यपदार्थांच्या ब्रँडचे काम केले आहे. आंबा ही भाजी नव्हे. हापूससाठी माणूस चार पैसे जास्त देतो तो त्यामागच्या मातीसाठी, वासासाठी, घरच्या आठवणींसाठी. मोहोराने भरलेले कलम, पहाटेची तोडणी, पेंढ्यात रचलेली फळे, हे सारे हलत्या चित्रांत जितके पोहोचते तितके तक्त्यात पोहोचत नाही. सगळे काढून टाकले तर उरलेले पान कोणत्याही विक्रेत्याचे असू शकेल. आज फसव्या मालाच्या गर्दीत खऱ्या बागायतदाराला वेगळे दिसणे हीच पहिली गरज आहे.

सारखेपणाची भीतीही खरी आहे. बर्बेरी या ब्रिटिश ब्रँडने २०१८ मध्ये आपली जुनी वळणदार अक्षरे सोडून साधी, जाड, सरळ अक्षरे घेतली. त्याच सुमारास इतर अनेक फॅशन ब्रँडनीही तेच केले आणि सगळ्यांची नावे एकाच छापातून काढल्यासारखी दिसू लागली. २०२३ मध्ये बर्बेरी पुन्हा आपल्या जुन्या घोडेस्वाराच्या चिन्हाकडे आणि नव्याने रेखाटलेल्या वळणदार अक्षरांकडे वळली. ओळख पुसणे सोपे असते, ती परत मिळवायला मात्र वर्षे जातात. म्हणून वेगाच्या नावाखाली ओळख टाकून देऊ नका.

रेखाटन
बाजारपेठ, ओळखीविषयीचे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. परंतु आम्रमोहोर यांना मिळालेले आराखडे सारखे निघाले ते नेमके याच घटकांमुळे, हेही लक्षात घ्यावे. व्हिडिओ, बेंटो आणि काच कोणत्याही ब्रँडला लावता येतात, म्हणूनच त्यांतून कोणाचीच ओळख तयार होत नाही. चांगले स्थिर छायाचित्र, बागायतदाराचे नाव, गाव, कलमांचे वय आणि मजकुराची भाषा यांतून ती होते.

शिरोरेखा
आता मूळ दुखण्याकडे येतो: मराठी नंतर बसवू, हे उत्तर. मी देवनागरी अक्षरजुळणीचे काम करतो आणि हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येक प्रकल्पात ऐकावे लागते. सध्याची बहुतेक वळणे रोमन लिपीसाठी जन्मलेली आहेत. मोठ्या मथळ्यांत अक्षरे एकमेकांच्या जवळ ओढायची किंवा मेनूत ती सुटी सुटी करायची, ही त्यांतील नेहमीची युक्ती आहे. देवनागरीत अक्षरांमधील अंतर वाढवले की शिरोरेखा तुटते आणि शब्द तुकड्यांत विखुरतो. कमी केले की काने आणि मात्रा एकमेकांवर चढतात. मोठ्या इंग्रजी मथळ्यांत ओळी एकमेकींना टेकवण्याची सध्या फार आवड आहे. तेच माप मराठीला लावले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आणि रफारावर आपटतो. मथळ्याला किमान दीडपट आणि वाचनाच्या मजकुराला त्याहून थोडी जास्त ओळ-उंची द्यावी, असे मी सांगतो. मेनूतील सर्व अक्षरे इंग्रजीप्रमाणे कॅपिटल करून महत्त्व दाखवण्याची सोय आपल्याकडे नाही. ते काम वजनाने (अक्षरांच्या जाडीने), रंगाने किंवा मोकळ्या जागेने करावे लागते. हे सगळे आराखड्याच्या पहिल्या दिवशी ठरवावे लागते, भाषांतराच्या वेळी नाही.

फाँटची निवड आता पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेले 'मुक्त' आणि 'बलू', इंडियन टाइप फाउंड्रीचे 'हिंद' आणि 'पॉपिन्स', हे सर्व गुगल फाँट्सवर मोफत उपलब्ध आहेत. पॉपिन्स तर जगभर इंग्रजी संकेतस्थळांवर दिसतो आणि त्यात देवनागरी आहे हे वापरणाऱ्या अनेकांना माहीतही नसते. वाचनाच्या मजकुरासाठी मी मुक्त किंवा हिंद सुचवीन. बलू मथळ्यापुरता वापरावा, त्याचा गोलसर भरीवपणा आंब्याला शोभेल.

एक सूचना मात्र आवर्जून करतो. पानाच्या संकेतात (कोडमध्ये) भाषा 'मराठी' अशी नोंदवायला डिझायनरला सांगा. ज्या फाँटमध्ये तशी सोय आहे त्यांत या नोंदीमुळे ल आणि श ही अक्षरे आपल्या मराठी वळणाने उमटतात, नाहीतर हिंदीतील वळण दिसते. शाळेपासून डोळ्यांना सवय असलेले वळण समोर आले की वाचणाऱ्याला पान आपल्यासाठी केले आहे हे जाणवते. बाजारपेठ ज्या ओळखीविषयी बोलत आहेत, तिचा हा एक मोठा भाग आहे असे मी मानतो.

घाटवाट
शिरोरेखा, तुम्ही सुचवलेल्या फाँटविषयी एक गोष्ट: जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटच्या फाइली रोमनपेक्षा जड असतात. चार वजने वापरली तर व्हिडिओ काढून वाचवलेला वेळ पुन्हा खर्च होईल.

शिरोरेखा
बरोबर आहे. दोन वजने पुरेत. फाँट उतरेपर्यंत फोनमधील मूळ फाँटमध्ये मजकूर दिसू द्यावा, म्हणजे ग्राहकाला कोऱ्या पानाकडे पाहत बसावे लागणार नाही.

जुनी_टंकपेटी
हे वाचून समाधान वाटले, कारण आम्ही याहून फार कठीण काळ पाहिला आहे. युनिकोड (सर्व लिपींसाठीची एकच संगणकीय अक्षरव्यवस्था) रुळण्यापूर्वी प्रत्येक मराठी संकेतस्थळाचा फाँट वेगळा असे, तो आधी उतरवून घ्यावा लागे, आणि तो नसेल तर पानभर अनाकलनीय चिन्हे दिसत. त्यावर उपाय म्हणून लोक मराठी मजकुराचे चित्र करून पानावर डकवत. मला खंत वाटते ती याची की ती सवय अजून गेलेली नाही. आजही कितीतरी मराठी ब्रँडच्या संकेतस्थळांवर इंग्रजी मजकूर अक्षरांत असतो आणि मराठी मजकूर जाहिरातीच्या चित्रात. तो शोधात सापडत नाही, मोठा करून वाचता येत नाही आणि नक्कल करून नातेवाइकांना पाठवताही येत नाही.

श्रुतलेखन
जुनी_टंकपेटी यांच्या मुद्द्याला मी पुढे नेते. माझ्या वडिलांची दृष्टी गेल्यापासून ते पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या मदतीने फोन वापरतात. मराठी मजकूर खऱ्या अक्षरांत असेल तर फोन तो व्यवस्थित वाचून दाखवतो. चित्रात असेल आणि त्याला पर्यायी वर्णन नसेल, तर त्यांच्या दृष्टीने तो भाग अस्तित्वातच नसतो. एकदा त्यांना घरबसल्या आंबे मागवायचे होते. त्या संकेतस्थळावर भावाचा तक्ता चित्रात होता आणि वरचा व्हिडिओ थांबवण्याचे बटण नव्हते, त्यामुळे त्याचे संगीत फोनच्या आवाजावर सतत चढत राहिले. शेवटी त्यांनी फोन माझ्या हातात दिला. स्वतःचा व्यवहार स्वतः करण्याची इच्छा असलेल्या माणसावर अशी वेळ यावी, याचे मला आजही वाईट वाटते.

यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष स्पष्ट आहेत. साध्या आकाराचा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ इतका उजेड-अंधाराचा फरक असावा, आणि आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून अधिक काळ हलणारा भाग थांबवण्याची सोय असावी. काचेचा मेनू आणि पडदाभर व्हिडिओ ही दोन्ही वळणे नेमकी इथेच अडखळतात. तरंगत येणाऱ्या चित्रांनी काही जणांना गरगरते. असे लोक फोनमध्ये हालचाल कमी करण्याची निवड करून ठेवतात. संकेतस्थळाने ती निवड पाळावी, इतके तरी डिझायनरकडून लेखी घ्यावे.

राईनकाठ
मी जर्मनीत राहतो आणि दरवर्षी आईवडिलांसाठी इथून पेटी मागवतो, म्हणून ग्राहक या नात्याने लिहितो. युरोपीय संघात २८ जून २०२५ पासून सुगम्यतेचा (दिव्यांगांनाही सेवा सहज वापरता याव्यात यासाठीचा) कायदा लागू झाला असून ऑनलाइन विक्रीही त्याच्या कक्षेत येते. अगदी लहान सेवा व्यवसायांना त्यातून सूट आहे, तरीही त्या निमित्ताने अनेक दुकानांनी आपली पाने साधी आणि ठळक केली. मला स्वतःला हा बदल आवडला. बाजारपेठ यांच्या व्हिडिओविषयी सांगायचे तर, मी तो एकदा पाहिला असेन. भारतात पैसे भरायला परदेशी कार्ड चालेल का आणि पेटी कोणत्या तारखेला पोहोचेल, हे मात्र दरवर्षी शोधतो आणि बहुतेक ठिकाणी मला ते फोन करून विचारावे लागते.

साधासरळ
संकेतस्थळाची गरजच काय, हा प्रश्न कोणी विचारलेला नाही. बहुतेक विक्री व्हॉट्सॲपवर होते आणि फळांची चित्रे इन्स्टाग्रामवर पाहिली जातात. तोच पैसा तिथे घालावा.

बाजारपेठ
साधासरळ, या ठिकाणी मी संकेतस्थळाच्या बाजूने उभा राहीन. इन्स्टाग्रामवर आपला मजकूर कोणाला दाखवायचा हे ती कंपनी ठरवते आणि नियम बदलले की पोहोच एका रात्रीत घटू शकते. स्वतःच्या नावाचा पत्ता हा ब्रँडकडे असलेला एकमेव भाग आहे जो दुसऱ्याच्या निर्णयाने हिरावला जात नाही. व्हॉट्सॲप हे संभाषणासाठी उत्तम आहे, परंतु प्रत्येक ग्राहकाला तीच उत्तरे हाताने टंकण्यात हंगामाचे मोलाचे तास जातात.

घाटवाट
त्यात आणखी एक भर. गुगल आणि इतर एआय सहायक आता शोधाच्या निकालांच्या वर स्वतः तयार केलेले उत्तर दाखवू लागले आहेत. ते उत्तर पानावरच्या मजकुरातून उचलले जाते, व्हिडिओवर चितारलेल्या वाक्यातून नाही. भाव, वजन, पोहोचवण्याची ठिकाणे आणि भौगोलिक मानांकनाची (माल विशिष्ट प्रदेशातलाच असल्याच्या अधिकृत ओळखीची) माहिती साध्या मराठी वाक्यांत लिहा, आणि उत्पादनाची माहिती यंत्रांना समजावी म्हणून २०११ पासून रूढ असलेली 'स्कीमा' पद्धतीची नोंद पानाच्या संकेतात ठेवा.

न्यायवाट
विपणनाच्या वळणांत एक असे आहे ज्याचा उल्लेख अजून झाला नाही: 'फक्त ३ पेट्या शिल्लक', मागे मागे जाणारे घड्याळ, आणि 'नको, मला ताजे आंबे आवडत नाहीत' असे लिहिलेले नकाराचे बटण. हे घटक आता तयार साच्यांतच मिळतात आणि विचार न करता लावले जातात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली असून त्यांत १३ प्रकार नावानिशी दिले आहेत. खोटी घाई, टोपलीत न मागितलेली वस्तू घालणे, नकार देणाऱ्याला लाजवणे आणि शेवटच्या टप्प्यावर वाढीव शुल्क उघड करणे हे सर्व त्यांत येते. ती मोठ्या बाजारस्थळांबरोबर विक्रेत्यांना आणि जाहिरातदारांनाही लागू आहेत. पेट्या खरोखर तीनच उरल्या असतील तर तसे लिहायला हरकत नाही. पण तो आकडा साठ्याशी जोडलेला असावा. पेटीची वाहतूक वेगळी आकारणार असाल, तर ती भावाशेजारीच लिहा.

तसेच ग्राहकाचा क्रमांक घेताना संमतीची सूचना मराठीतही द्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात ती इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला असावा असे म्हटले आहे. मराठी नंतर बसवू म्हणणाऱ्या डिझायनरला हेही दाखवता येईल.

बाजारपेठ
न्यायवाट यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. खोट्या घाईने एक हंगाम विकला जातो आणि पुढच्या वर्षी तोच ग्राहक दुसरीकडे जातो. व्हिडिओविषयी मात्र मी माझे मत बदललेले नाही. तो पहिल्या पडद्यावर नसला तरी संकेतस्थळावर असलाच पाहिजे.

आम्रमोहोर
सर्वांचे मनापासून आभार. मी हे सगळे मुद्दे बागायतदारांसमोर ठेवले. पहिल्या पडद्यावर एकच स्थिर छायाचित्र, त्याखाली मराठीत भाव आणि पाठवणीची तारीख, आणि बागेच्या पानावर बोट लावल्यावर सुरू होणारा व्हिडिओ, यावर सर्वांचे एकमत झाले आहे. नवा आराखडा आधी मराठीत मागवणार आहे आणि इंग्रजी पान त्यावरून तयार होईल.

अडचण एकच उरली आहे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि आमचे बहुतेक सदस्य अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदलेले आहेत. ते ठळक दाखवायचे आहे. डिझायनर म्हणतात की पहिल्या पडद्यावर फिरती चित्रपट्टी ठेवू, म्हणजे छायाचित्र, मानांकन आणि हंगामाची सवलत असे तिन्ही एकाच जागेत येईल. हे योग्य होईल का?

रेखाटन
माझा सल्ला नको असाच आहे. अमेरिकेतील नॉटर डेम विद्यापीठाच्या मुखपृष्ठावरील फिरत्या पट्टीची आकडेवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली होती. पान पाहणाऱ्यांपैकी सुमारे १ टक्का लोकांनीच पट्टीवर क्लिक केले आणि त्यांतील बहुतांश क्लिक पहिल्याच चित्रावर होते. दुसऱ्या क्रमांकावर ठेवलेले मानांकन ग्राहकाला दिसणार नाही असेच समजा.

शिरोरेखा
मानांकनाचे चिन्ह भावाच्या अगदी शेजारी ठेवा आणि त्याखाली 'मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते' असे लिहून बागायतदाराचे नाव, गाव आणि नोंदणी क्रमांक खऱ्या मजकुरात द्या. लहान अक्षरांत दाबू नका. मोबाइलवर मराठीसाठी १७-१८ पिक्सेलपेक्षा लहान आकार नसावा असे माझे मत आहे.

श्रुतलेखन
आणि त्या चिन्हाला मराठीत पर्यायी वर्णन द्यायला विसरू नका. वडील यंदा तुमच्याकडूनच मागवतील.

आम्रमोहोर
नक्की. फिरती पट्टी रद्द करायला आजच कळवते. मराठी आराखडा हाती आला की त्याची चित्रे याच धाग्यावर देईन. शिरोरेखा आणि श्रुतलेखन, तुम्ही दोघांनी तो तपासावा अशी विनंती आहे.